फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही: वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत एकच रडगाणं सारखं दिसतंय, फाइल उघडते, सगळी दिसते, बदल पण करता येतात, आणि सेव्ह करायला गेलं की परमिशन नाही. कोणी विममध्ये अडकलंय, कोणी नॅनोमध्ये, लिनक्सवर फाइली लिहायचे हे दोन एडिटर. म्हणून हा सगळा महिना याच विषयाला दिला. नेहमीप्रमाणे कमांड देवनागरीत, आपण बोलतो तशा लिहिल्यात, कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय, आणि जिथे जागा सोडलीय तिथे जागा सोडायचीच, त्यावर बरंच अवलंबून असतं.

प्रश्न: ताई, आमचं जालना जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे, त्याची वेबसाइट भाड्याच्या छोट्या उबुंटू सर्व्हरवर ठेवलीय आणि ती मीच बघतो. परवा रात्री एनजिनएक्सची (वेब सर्व्हरची) कॉन्फिग फाइल विममध्ये उघडली, तासभर बसून सगळं नीट लावलं, :डब्ल्यू केलं तर ई४५ रीडओन्ली ऑप्शन इज सेट. पुढे उद्गारचिन्ह लावून केलं तर ई२१२ कॅन्ट ओपन फाइल फॉर रायटिंग. दहा वेळा तेच. शेवटी वैतागून खिडकीच बंद करून टाकली. माझं काम गेलं का? आणि असं का झालं?

भाऊ, बहुतेक गेलेलं नाही, आणि तुम्ही वैतागून खिडकी बंद केलीत तेच बरं केलंत. :क्यू! करून बाहेर पडला असतात तर विमने स्वतःची कच्ची प्रत पुसून टाकली असती. खिडकी अचानक बंद झाली की विमला सिग्नल जातो आणि तो जाता जाता फाइल राखून ठेवतो. तसंही तो तुम्ही टाइप करत असताना दर २०० अक्षरांनी, किंवा हात ४ सेकंद थांबला की, एका स्वॅप फाइलमध्ये लिहीतच असतो. आता ही स्वॅप फाइल साधारण मूळ फाइलच्या शेजारीच बनते, पण तुम्हाला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नव्हती, मग विम दुसरी जागा शोधतो, होममधलं टीएमपी फोल्डर, ते नसेल तर /व्हीएआर/टीएमपी. तुमची तिथेच असणार.

सर्व्हरला लॉगिन करा आणि नुसतं विम -आर असं द्या. कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये कोणत्या स्वॅप फाइली पडल्यात त्याची यादी येईल, तारीख वेळेसकट. तुमची परवा रात्रीची दिसली की विम -आर आणि पुढे मूळ फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे /ईटीसी/एनजिनएक्स/एनजिनएक्स.कॉन्फ. एंटर दाबलं की तुमचे बदल समोर येतील. लगेच ते स्वतःच्या घरात उतरवून घ्या, :डब्ल्यू ~/नवी.कॉन्फ, होम फोल्डरमध्ये लिहायला तुम्हाला कोणी अडवत नाही. मग बाहेर येऊन डिफ कमांडने जुनी आणि नवी फाइल शेजारी लावून बघा, सगळं आहे ना. जुन्या फाइलची एक कॉपी काढून ठेवा आणि मग सुडो सीपी करून (सुडो म्हणजे रूटच्या, सिस्टिमच्या मुख्य युजरच्या, हक्काने चालवणं, सीपी म्हणजे कॉपी) नवी फाइल जुनीच्या जागी घाला. इथे एमव्ही (फाइल हलवायची कमांड) वापरू नका बरं का. सीपी केलं की आधीपासून असलेल्या फाइलमध्ये फक्त मजकूर बदलतो, मालक आणि परमिशन होती तशीच राहतात, एमव्ही केलं तर तुमच्या नावावरची फाइल तिथे जाऊन बसते आणि पुढच्या वेळी वेगळंच काहीतरी उपटतं. त्यानंतर सुडो एनजिनएक्स -टी, तो म्हणाला सिंटॅक्स ठीक आहे तरच रीलोड. आणि सगळं झाल्यावर ती स्वॅप फाइल पुसा, नाहीतर दर वेळी उघडताना ई३२५ ची भली मोठी सूचना येऊन घाबरवेल.

आता असं का झालं. /ईटीसी मधल्या जवळजवळ सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या असतात, बाकीच्यांना फक्त वाचता येतात. विमने हे तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. फाइल उघडली तेव्हा सगळ्यात खालच्या ओळीत नावापुढे चौकटी कंसात रीडओन्ली आलं असणार, आणि तुम्ही पहिलं अक्षर बदललंत त्या क्षणी लाल रंगात डब्ल्यू१० चेंजिंग अ रीडओन्ली फाइल असं येऊन स्क्रीन एखादा सेकंद थबकली असणार. तो सेकंदभराचा अडखळा मुद्दाम ठेवलाय, आपण वाचावं म्हणून, पण कामाच्या नादात हात पुढे गेलेला असतो आणि ओळ निघून जाते.

आणि ते दोन एरर एकसारखे वाटले तरी ते देणारे वेगळे आहेत. ई४५ हा विमचा स्वतःचा आहे, तो म्हणतोय बाबा ही फाइल वाचण्यापुरती आहे, तरी लिहू का? उद्गारचिन्ह लावलं की तुम्ही विमला म्हणता, हो लिही. विम ऐकतो आणि लिहायला जातो. तिथे त्याला लिनक्स अडवतं, ते म्हणतं तू कोण? हा युजर रूट नाही. तो नकार म्हणजे ई२१२. उद्गारचिन्ह विमपुरतं चालतं, लिनक्सपुढे चालत नाही, मग दहा वेळा दाबा नाहीतर शंभर वेळा.

पुढच्या वेळी विमच्या आत असतानाच असं झालं तर हे करा: :डब्ल्यू !सुडो टी % > /डेव्ह/नल. टी म्हणजे टी डबल ई ही छोटी कमांड. डब्ल्यू नंतर जागा आणि मग उद्गारचिन्ह, ती जागा राहिली तर अर्थच बदलतो. जागेसकट दिलं की विम मजकूर फाइलमध्ये न लिहिता पुढच्या कमांडच्या हातात देतो, ती कमांड सुडोमुळे रूट म्हणून चालते आणि टक्क्याच्या चिन्हाच्या जागी चालू फाइलचं नाव येतं. पासवर्ड विचारेल, मग विम म्हणेल डब्ल्यू१२, फाइल बाहेरून बदललीय, तेव्हा एल दाबून परत लोड करा. निओविम वापरणाऱ्यांचं इथे अडतं, तिथे या पद्धतीने सुडोला पासवर्ड विचारायला टर्मिनलच मिळत नाही, त्यांनी सरळ होममध्ये सेव्ह करून नंतर सुडो सीपीच करावं.

बरेच जण विचारतात की मग थेट सुडो एको करून आणि मोठ्याचं चिन्ह लावून फाइलमध्ये का लिहिता येत नाही, तिथेही परमिशन डिनाइड येतं. कारण सुडो फक्त एकोला लागतं. फाइल उघडायचं काम तुमचं शेल, म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, करतं, आणि शेल तुमच्याच नावाने चालू असतं. टी लागते ती याचसाठी.

पण मला विचाराल तर सिस्टिमची फाइल असेल तर सुरुवातच सुडोएडिटने करा. सुडोएडिट /ईटीसी/एनजिनएक्स/एनजिनएक्स.कॉन्फ असं दिलं की तो फाइलची तात्पुरती प्रत काढतो, तुमचा एडिटर तुमच्याच नावाने त्या प्रतीवर चालतो, आणि सेव्ह करून बाहेर पडलात की तो ती प्रत मूळ जागी नेऊन ठेवतो. सुडो विम करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. सुडो विममध्ये तुमचा अख्खा एडिटर रूट होतो, त्यातले प्लगइन रूट होतात, आतून उघडलेलं शेल रूट होतं, आणि काही सिस्टिमवर तर तुमच्या होममधली विमइन्फो फाइल (विमच्या आठवणींची नोंद) रूटच्या नावावर जाते आणि मग नंतर साध्या विमला ती लिहिता येत नाही. उबुंटूवर सुडोएडिट दिलं की बहुतेक नॅनो उघडतो, विमच हवा असेल तर एडिटर (सगळी अक्षरं मोठी) नावाचं व्हेरिएबल विम करून ठेवा.

नॅनोवाल्यांसाठी एवढंच: तिथे उघडतानाच खाली अनरायटेबल असं येतं आणि कंट्रोल ओ केल्यावर एरर रायटिंग, परमिशन डिनाइड. घाबरून कंट्रोल एक्स आणि एन करू नका. कंट्रोल ओ दाबून नावाच्या जागी होम फोल्डरमधला पत्ता द्या, वेगळ्या नावाने सेव्ह करू का विचारेल, वाय म्हणा. काम वाचलं, पुढचं सुडो सीपी वर सांगितलंय तसं.

प्रश्न: ताई, मी कराडला कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट सर्व्हरवर ठेवलाय. नॅनोमध्ये फाइल सेव्ह होत नव्हती म्हणून एका व्हिडिओत बघून सुडो सीएचमॉड -आर ७७७ (मोठा आर) असं माझ्या पूर्ण होम फोल्डरवर मारलं. लगेच सेव्ह झालं. पण दुसऱ्या दिवसापासून एसएसएच कीने (दुरून, पासवर्डऐवजी की फाइल वापरून) लॉगिनच होत नाहीये. दोन्हीचा संबंध आहे का? सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे.

अगं संबंध आहे, आणि सुटेल, रडत बसू नकोस. आधी सर्व्हरमध्ये शिरायचं बघू. तुझा सर्व्हर ज्यांच्याकडून घेतलाय त्यांच्या वेबसाइटवर लॉगिन केलंस की ब्राउझरमध्येच उघडणारा कन्सोल असतो, त्याला एसएसएच लागत नाही, तिथे पासवर्डने जा. आत गेलीस की होम फोल्डरला सीएचमॉड ७५५, होममधल्या डॉट एसएसएच फोल्डरला ७००, त्यातल्या ऑथराइज्ड कीज फाइलला (इथे मधे जागा नाही, अंडरस्कोर) ६००. बस. बाहेर येऊन कीने लॉगिन करून बघ.

झालं काय, तर एसएसएच सर्व्हर लॉगिन करून घेण्याआधी बघतो की तुझं होम आणि कीचं फोल्डर दुसऱ्या कोणाला लिहिण्यासाठी उघडं आहे का. असेल तर तो त्या कीवर विश्वासच ठेवत नाही, कारण तिथे कोणीही येऊन स्वतःची की चिकटवू शकतं आणि तुझ्या नावाने आत येऊ शकतं. तू ७७७ करून कुलूप काढून टाकलंस म्हणून त्याने दारच बंद केलं. त्याचं बरोबरच आहे. लॉगमध्ये बॅड ओनरशिप ऑर मोड्स असं स्पष्ट लिहिलेलं पण सापडेल.

आता ७७७ म्हणजे काय ते एकदा नीट बघू, कारण हा आकडा जो तो जिथे तिथे सांगतो आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. एलएस -एल करून कुठल्याही फाइलची ओळ बघ. ती ओळ म्हणजे त्या फाइलचा सातबारा समज. मालक कोण, गट कोणता, आणि कोणाला काय हक्क. सुरुवातीची दहा अक्षरं असतात, पहिलं फाइल की फोल्डर ते सांगतं, पुढचे तीन तीनचे तीन गठ्ठे, मालकाचा, गटाचा, बाकी जगाचा. आर म्हणजे वाचणं, त्याचे ४, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, २, एक्स म्हणजे चालवणं, १. बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालक वाचतो लिहितो, बाकीचे फक्त वाचतात. ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या प्रत्येकाला सगळं. तू म्हणशील मशीनवर मी एकटीच आहे. नाहीस. उबुंटूवर वेब सर्व्हर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या युजरने चालतो, डेटाबेसचा वेगळा युजर असतो, आणि उद्या तुझ्या साइटमधल्या एखाद्या भोकातून कोणी आत आलंच तर तो त्याच युजरच्या नावाने येतो. तेव्हा ६४४ ने तो वाचण्यापुरता अडून राहतो, ७७७ ने तुझी प्रत्येक फाइल त्याच्या हातात असते.

एक गोष्ट पुस्तकात पटकन सापडत नाही म्हणून सांगते. लिनक्स हे तीन गठ्ठे एकत्र करून बघत नाही. तू मालक असशील तर फक्त मालकाचा गठ्ठा बघितला जातो, विषय संपला. मालकाच्या गठ्ठ्यात डब्ल्यू नसेल तर बाकी जगाला असला तरी तुला लिहिता येत नाही.

मग तुझी फाइल मुळात सेव्ह का होत नव्हती? तू पत्रात पुढे लिहिलंयस की प्रोजेक्ट उतरवताना सुडो गिट क्लोन केलं होतंस. तिथेच गोम आहे. सुडोने केलं म्हणून सगळ्या फाइली रूटच्या नावावर झाल्या. म्हणजे हक्क कमी पडत नव्हते, सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता. अशा वेळी हक्क बदलणारं सीएचमॉड लागतच नाही, मालक बदलणारं सीएचओन लागतं: सुडो सीएचओन -आर (इथेही मोठा आर), मग तुझं युजरनेम, मग प्रोजेक्टचं फोल्डर. आधी एलएस -एल करून मालकाचं नाव वाचलं असतंस तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि यापुढे गिट क्लोन, एनपीएम इन्स्टॉल असलं काही स्वतःच्या होममध्ये करताना सुडो लावायचंच नाही.

आता ७७७ मागे घेण्यासाठी कोणी तुला सांगेल की मोठा एक्स वापर, तो फक्त फोल्डरला एक्स देतो. एरवी खरं आहे, पण ज्या फाइलला आधीच एक्स आहे तिचा तो काढत नाही, आणि तुझ्या तर सगळ्याच फाइलींना ७७७ मुळे एक्स चिकटलाय. म्हणून फाइंड वापर. फाइंड कमांडला -टाइप डी देऊन फक्त फोल्डर निवड आणि त्यांना ७५५, मग -टाइप एफ देऊन फक्त फाइली निवड आणि त्यांना ६४४. तुझ्या ज्या एक दोन स्क्रिप्ट चालवायच्या असतील त्यांना नंतर हाताने एक्स दे. डॉट एसएसएचचं ७०० आणि ६०० सगळ्यात शेवटी परत एकदा कर, कारण फाइंड तिथूनही फिरून गेलेलं असेल. आणि त्या फोल्डरमध्ये तुझी स्वतःची प्रायव्हेट की असेल तर तिलाही ६००, नाहीतर एसएसएच ती वापरायला नकार देईल. सबमिशनला शुभेच्छा गं.

प्रश्न: आम्ही चौघं मिळून इंग्रजी-मराठी संगणक शब्दांची सूची करतो, ती एका सर्व्हरवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. फाइल आमच्या एका सहकाऱ्याच्या नावावर होती. मी विममध्ये बदल करून :डब्ल्यू! केलं, आणि सेव्ह झालं. आता त्याला लिहिता येत नाही, फाइल माझ्या नावावर दिसते. मी सुडो वापरलेलं नाही, मला तो अधिकारच नाही. मग मालक कसा बदलला? आमच्यात थोडी कटकट पण झाली यावरून.

कटकट मिटवा आधी, तुम्ही दोघंही खरं बोलताय. फाइलमध्ये लिहायची परवानगी फाइलवर असते, पण फाइल पुसायची किंवा नवी तयार करायची परवानगी ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर असते. तुमच्या फोल्डरमध्ये चौघांनाही लिहिता येतं, फाइल मात्र ६४४, म्हणजे फक्त मालकाला. तुम्ही उद्गारचिन्ह लावलंत, विम लिहायला गेला, लिनक्सने नकार दिला, मग विमने शेवटचा उपाय केला, जुनी फाइल पुसली आणि त्याच नावाची नवी बनवून त्यात मजकूर लिहिला. पुसायचा हक्क तुम्हाला होता म्हणून ते जमलं. नवी फाइल ज्याने बनवली त्याच्या नावावर, म्हणजे तुमच्या. वरच्या जालन्याच्या भाऊंना हेच जमलं नाही कारण /ईटीसी/एनजिनएक्स हे फोल्डरच रूटचं होतं. त्या फाइलला दुसरीकडून हार्ड लिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) असती तर विमने पुसलीच नसती, ई१६६ देऊन थांबला असता.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की दुसऱ्याच्या नावावरच्या फाइलला :डब्ल्यू! करायच्या आधी हात थांबवा आणि एलएस -एल बघा, आणि एलएस -एलडी करून फोल्डरचंही बघा.

तुमचा कायमचा उपाय असा, तो ज्याला सुडो आहे त्याने करायचा. भाषा किंवा काहीही नावाचा एक ग्रुप बनवायचा, चौघांना त्यात घालायचं, यूझरमॉड -एजी असं. यातला पहिला छोटा ए विसरू नका, नुसता मोठा जी दिला तर तो माणूस बाकी सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो, त्यात सुडोचा ग्रुप असेल तर त्याचं सुडोही गेलं. ग्रुपमध्ये घातल्यावर चौघांनी लॉगआउट होऊन परत यायचं, त्याशिवाय लागू होत नाही, आणि निम्मे लोक इथेच म्हणतात की ताई तुमचा उपाय चालला नाही. मग फोल्डर आणि फाइली त्या ग्रुपच्या नावे करायच्या, फाइलींना ग्रुपसाठी डब्ल्यू द्यायचा, आणि फोल्डरला २७७५. पुढचा तो २ महत्त्वाचा, त्यामुळे त्या फोल्डरमध्ये जी नवी फाइल बनेल ती आपोआप त्याच ग्रुपची होते. सोबत चौघांचा यूमास्क ००२ ठेवा, म्हणजे नव्या फाइलीत ग्रुपला लिहिता येईल. मग फाइल कोणाच्या का नावावर असेना, लिहिता सगळ्यांना येईल.

याच पत्रात तुम्ही विचारलंय की एका सहकाऱ्याची स्वतःच्या मालकीची फाइल असूनही त्याला उघडता सुद्धा येत नाही. तो वाटेचा वाद आहे. शेत तुमच्या नावावर असलं तरी तिथे जायची वाट दुसऱ्याच्या शेतातून असेल आणि त्याने काटी टाकली तर तुम्ही काय करणार, तसंच. फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर एक्स लागतो, फोल्डरसाठी एक्सचा अर्थ आत जायला वाट. नेमआय -एल आणि पुढे पूर्ण पत्ता द्या, मुळापासून प्रत्येक फोल्डर एकाखाली एक दिसेल, कुठल्या ओळीत एक्स गायब आहे ते लगेच सापडेल.

प्रश्न: मी नांदेडजवळच्या शाळेत संगणक शिकवतो. आमच्या लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर परवापासून कुठलीच फाइल सेव्ह होत नाही, मुलांच्याही नाही आणि रूट होऊन केली तरी नाही. सगळ्यांना ७७७ करायचं का? इथे वीज सारखी जाते.

सर, काहीही सीएचमॉड करू नका, ते होणारही नाही. रूटलाही नकार मिळतोय याचा अर्थ हा परमिशनचा मामला नाही. एरर पूर्ण वाचा, परमिशन डिनाइड नसेल, रीड-ओन्ली फाइल सिस्टिम असं असेल. बऱ्याच लिनक्सवर डिस्कच्या फाइल सिस्टिममध्ये गडबड सापडली की कर्नल ती स्वतःहून फक्त वाचण्यापुरती करून ठेवतं, आणखी लिहून आणखी नुकसान होऊ नये म्हणून.

इथे माझी कळकळीची विनंती आहे. इंटरनेटवर लगेच सांगतात की रीमाउंट करा, म्हणजे डिस्क लिहिण्यासाठी पुन्हा जोडून घ्या. करू नका. वाचता येतंय तोवर मुलांच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर काढून घ्या, आजच, दुसरं सगळं नंतर. एका ठिकाणी मी स्वतः हे उलट्या क्रमाने होताना पाहिलंय, आधी रीमाउंट केलं, काम चालू ठेवलं, आणि दोन दिवसांनी डिस्क उठलीच नाही, लोकांचं वर्षभराचं काम त्यात होतं. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

फाइली निघाल्या की डीमेसेज (डीएमईएसजी, कर्नलचे संदेश) बघा, त्यात आय/ओ एररच्या ओळी भरपूर असतील तर डिस्कच गेलीय, बदला. तशा नसतील, नुसती फाइल सिस्टिमची तक्रार असेल तर वीज गेल्यामुळे बिघडलं असण्याची शक्यता जास्त, मग लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून त्या पार्टिशनवर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा, पार्टिशन माउंट केलेलं नसताना. जमलं तर स्मार्टसीटीएल -ए ने डिस्कची तब्येतही बघून घ्या. आणि त्या मशीनला एक छोटा यूपीएस मिळाला तर मुलांचे खूप तास वाचतील सर.

एक साधी गोष्टही आधी तपासा, डीएफ -एच आणि डीएफ -आय. डिस्क भरली असेल तरी विम सेव्ह करत नाही, ई५१४ राइट एरर देतो. जागा दिसत असूनही आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपले असतील तरी नवी फाइल बनत नाही, छोट्या छोट्या लाखो फाइली साठल्या की असं होतं, ते दुसऱ्या कमांडमध्ये कळेल.

प्रश्न: विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) टाकलंय. डी ड्राइव्हवरच्या स्क्रिप्टला सीएचमॉड ६०० केलं, एरर काही आला नाही, पण एलएस -एल मध्ये सगळं ७७७ च दिसतं. (रत्नागिरी)

/एमएनटी/डी म्हणजे खरं तर विंडोजची डिस्क, तिथे लिनक्सच्या परमिशन साठवायला मुळात जागा धरलेली नसते म्हणून डब्ल्यूएसएल सगळ्यांना ७७७ दाखवून मोकळं होतं. /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ मध्ये ऑटोमाउंटच्या भागात ऑप्शन्स म्हणून मेटाडेटा लिहा, विंडोजमधून डब्ल्यूएसएल --शटडाउन करून परत उघडा, मग सीएचमॉड टिकेल. त्याहून बरं म्हणजे कामाच्या फाइली लिनक्सच्या होममध्येच ठेवा, तिथे वेगही चांगला मिळतो. फॅट फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवरही हेच, तिथे तर परमिशन असतच नाही, माउंट करताना जे ठरतं तेच सगळ्यांना.

प्रश्न: फाइल रूटची, ६४४, मी सुडोने विम उघडला, डिस्क रीड-ओन्ली नाही, जागा आहे, तरी सेव्ह होत नाही. बाहेर येऊन सुडोने सीएचमॉड केलं तर ऑपरेशन नॉट परमिटेड येतं. (ठाणे)

परमिशन डिनाइड आणि ऑपरेशन नॉट परमिटेड यात फरक आहे आणि तुम्ही नेमके शब्द लिहिलेत म्हणून उत्तर देता आलं. एलएसएटीटीआर आणि पुढे फाइलचं नाव द्या. डॅशच्या रांगेत आय दिसला तर फाइल इम्युटेबल केलेली आहे, मग रूटलाही ती बदलता येत नाही आणि पुसताही येत नाही. सुडो सीएचएटीटीआर -आय ने तो आय निघतो. पण तो आपोआप लागत नाही, कोणीतरी लावलेला असतो, एखादं सॉफ्टवेअर आपली सेटिंग बदलत राहतं म्हणून लोक लावतात. तुमच्या आधी तो सर्व्हर कोण बघत होतं त्यांना एक फोन करा, मग काढा, आणि काम झाल्यावर सीएचएटीटीआर +आय करून परत लावून ठेवा. त्यांनाही आठवत नसेल आणि तुम्हीही लावलेला नसेल, तर तो सर्व्हर कोणी परक्याने वापरलाय का ते तपासल्याशिवाय त्या फाइलला हात लावू नका, आत शिरलेले लोक आपल्या फाइली कोणी पुसू नयेत म्हणून हाच आय लावून जातात. तसं काही आढळलं तर एलएसएटीटीआरचं आउटपुट मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.